दादाच्या खोलीतले उंदीर

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, त्यामुळे बसूनच घातला, गोड मानून घे). तुझी तब्येत उत्तम असणारच. तिला काय धाड भरली आहे?

उंदरांबद्दलचं तुझं सातपानी पत्र पोचलं. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा भाऊ असावा तर असा. उंदराचे दात मरेपर्यंत वाढतात, म्हणून तो सारखं कुरतडतो, हे कळल्यावर शिवायला आलेल्या कापडांबद्दलचा माझा राग अर्धा झाला (उरलेला अर्धा गिऱ्हाइकांनी वाटून घेतला). नवी वस्तू दिसली की तो संशयाने लांब राहतो, म्हणून पिंजरा एकाच जागी पडू द्यावा, हेही तू लिहिलंस. पण हे अप्पांना कोण सांगणार? ते रोज सकाळी तुझी खोली पुसतात, पिंजरा घासून लख्ख करतात आणि नव्या कोपऱ्यात मांडतात. म्हणजे उंदरांना रोज नवा पिंजरा. आजवर त्यात एकच बोट सापडलं, तेही माझं.

गादी आणि खोकी हलवू नका, मी येतोच आहे, असं सांगून तू गेलास त्याला वर्षं लोटली. गादीत आता कितवी पिढी नांदते आहे ते तूच सांग. त्यांना तीन आठवड्यांत पिल्लं होतात म्हणे. अप्पा मात्र तू येशील तेव्हा खोली स्वच्छ हवी म्हणून अनवाणी, ओल्या फरशीवर फडकं मारत बसतात. त्यांच्या टाचांच्या भेगा तुला माहीत आहेत.

गेल्या आठवड्यात त्यांना ताप भरला, पोटऱ्या ठणकायला लागल्या, डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, उंदराच्या लघवीतले जंतू भेगांतून शिरले, आता मूत्रपिंडांवर आलं आहे. उंदराला स्वतःला त्या जंतूंचा काडीचाही त्रास होत नाही म्हणे. ऐकून तुझी आठवण झाली. तुझ्या सात पानांत या आजाराचं नाव नव्हतं, आणि अप्पा कसे आहेत, हा प्रश्नही नव्हता. मला फार राग आला आहे, दादा.

तुझी धाकटी बहीण

ता. क. गादी जाळू का विचारलं, तर अप्पा सलाइनच्या सुईसकट उठून बसतात. माझं ऐकत नाहीत. 'टाकून द्या' एवढं तुझ्या अक्षरात लिहून पाठव.

ता. क. २. नको पाठवूस. तूच ये. काल डॉक्टरांनी विचारलं, त्या खोलीत राहतं कोण? मी म्हणाले, उंदीर. अप्पा डोळे न उघडता म्हणाले, "माझा मोठा मुलगा राहतो."