बाबांना दिसेल असा तरंगा

ता. ४ मार्च

चि. धाकट्यास अ. आ.

तुझं कार्ड मिळालं. पत्ता पुन्हा बदललास एवढं कळलं, बाकी अक्षर लागलं नाही. सध्या मासेमारीच्या सामानाच्या दुकानात आहेस म्हणे, म्हणून लिहिते. नाहीतर लिहिणार नव्हते.

बाबांना तरंगा दिसत नाही. दोरावर बांधतात तो, टोकाची खोटी माशी माशाने ओढली की बुडतो तो. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, नजरेच्या मधोमध डाग धरलाय. कडेचं दिसतं, समोरचं जातं. चष्म्याचा उपयोग नाही. हे फक्त मला नि बाबांना ठाऊक, आता तुला. कोणाला बोलू नकोस.

नदीवरच्या विश्रामघरात नवा व्यवस्थापक आलाय. सहा एप्रिलला तो बाबांसकट एकेका वाटाड्याला मासे धरायला आलेल्या पाहुण्यासोबत पाण्यात उभं करून पारखणार आहे. मासा लागला की वाटाड्याने ओरडायचं. बाबा ओरडले नाहीत तर एकतीस वर्षांचं काम संपलं. बाबा रविवारीसुद्धा खुर्चीत धड बसत नाहीत, रोजचे घरी बसले तर काय होईल याचा तूच विचार कर.

त्यांना दिसेल असा तरंगा पाठव. घरी पाठव. पोटाला वेळेवर खात जा.

तुझी, रागावलेली तरी तुझीच,
ताई


ता. १२ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून दोन दिवस डोकं चाललं नाही. मग चाललं ते भलतीकडेच. आमचा मालक जन्मात नदीत उतरलेला नाही, पण तरंग्यांवर तासभर बोलेल. परवा एक गिऱ्हाईक त्याच्याशी नारिंगी की पिवळा यावरून इतकं भांडलं की शेवटी काहीच न घेता स्वतःची छत्री विसरून गेलं. छत्री चांगली आहे, मी वापरतो.

तर मुद्दा. दुकानातला गॉगल घेतला, दोन्ही काचांवर मधोमध चिकटपट्टीच्या गोल चकत्या लावल्या आणि कालव्यावर जाऊन उभा राहिलो. ताई, भीती वाटली ग. पाणी होतं, काठ होता, मधे नुसती धूळ. बाबा असे किती महिने चालतायत आणि आपल्याला पत्ता नाही. मला तर नाहीच.

सगळे तरंगे टाकून बघितले. नारिंगीची सगळे शपथ घेतात, तो पाण्याच्या चकाकीत सगळ्यात आधी दिसेनासा झाला. लोकरीचा झुबका पडतो अलगद, मासा बिचकत नाही, पण दिसायला चिमूटभर. सगळ्यात बरा निघाला अक्रोडाएवढा पोकळ गोळा, अर्धा काळा अर्धा पांढरा. मासा ओढतो तेव्हा तो आधी उलटतो, मग बुडतो, आणि रंग पालटलेला कडेच्या नजरेलाही समजतो. बाबांना म्हणावं, तरंग्याकडे बघायचंच नाही, त्याच्या हातभर डावीकडे बघायचं.

पाकीट आजच टाकलं. घराचा नंबर काही केल्या आठवेना, चौदा की एक्केचाळीस, आणि तुझ्या पत्राचं पाकीट कुठे गेलं देव जाणे. पत्र पोस्टमन नावावरून आणून देतो, सामानाचा भरवसा नाही, म्हणून विश्रामघराच्या पत्त्यावर बाबांच्या नावाने धाडलं. त्यांचा गोंधळ नको म्हणून आत चिठ्ठी आहे, कोणता कशाला, बघायचं कसं, सगळं. मोठ्या अक्षरात.

माया आटली नसेल तर दोन ओळी टाक.

तुझा,
धाकटा


ता. २९ मार्च

ती. ताईस सा. न. वि. वि.

तुझं उत्तर नाही. दुकान सोडलं, आता बोटी रंगवतो. कारण विचारू नकोस, मलाही नीट माहीत नाही.

काल बादलीत ब्रश बुडवला आणि हात तिथेच राहिला. ताई, विश्रामघरात बाहेरून आलेलं मासेमारीचं प्रत्येक सामान कचेरीत फोडतात ना? बाहेरच्या बुटांवरून आलेलं ते शेवाळ नदीत पसरलं त्या वर्षापासून. बूट, दोर, खोट्या माश्या, सगळं मिठाच्या पाण्यात बुडवून मगच आत. मला हे ठाऊक नसावं? दोन हंगाम मीच बुडवत होतो ते.

तिकडे फोन लावला होता. व्यवस्थापकानेच उचलला. मी ठेवून दिला.

पाकीट कोणी फोडलं, आतली चिठ्ठी कोणी वाचली, तेवढं कळव. शिव्या घाल, पण कळव.

धाकटा


ता. ९ एप्रिल

धाकट्यास,

पाकीट व्यवस्थापकानेच फोडलं. चिठ्ठी वाचली, घडी पूर्वीसारखी घातली आणि सगळं बाबांच्या हातात दिलं. वाचल्याचं मागाहून कळलं. तेव्हा वाटलं, सुटलो.

सहा तारखेला बाबांनी तुझा काळा-पांढरा गोळा बांधला, हातभर डावीकडे बघत उभे राहिले. पाच मासे लागले, बाबा पाचही वेळा ओरडले. बाकीच्या कुठल्याच वाटाड्याचे सगळे बरोबर आले नाहीत. व्यवस्थापकाने हात हातात घेऊन कौतुक केलं. मग कचेरीत बसवून म्हणाला की तरंग्याचा प्रश्न नाही, पण पाण्याला ओढ असते, पाहुण्याचा पाय सुटला आणि तुम्हाला दिसला नाही तर मी त्याच्या घरच्यांना काय तोंड दाखवू. तो चुकीचं बोलला असं मला म्हणता येत नाही. त्याचाच जास्त राग येतो.

म्हणजे तरंगा तू अगदी बरोबर निवडलास. ते तुला सांगायला हवं.

आता पुढचं ऐक. बाबांची जागा रिकामी झाली आणि नदी जाणणारा माणूस हवा, म्हणून त्याने तुझी चौकशी केली. तू यावंस असं बाबा म्हणतात. मी म्हणते, येऊ नकोस. पण या घरात माझं कोण ऐकतं? त्यांनी कालपासून मला समोर बसवून तुझ्यासाठी सांगायला घेतलंय, ते लिहिते.

वरच्या उथळात गोळा टाकायचा नाही, आवाजाने मासे पळतात, तिथे लोकरच. वळणावर उन्हं समोर असतात, तिथे काळा तरंगा लाव. झाडांच्या सावलीत पांढरा. खोलीच्या दीडपट दोर सोड, उतावीळपणा करू नकोस. मोठ्या खडकामागे पाणी उलटं फिरतं, तिथे तरंगा थबकला तरी मासाच समज. पाहुणा घाबरट असेल तर प्रवाहात त्याच्या खालच्या अंगाला उभा राहा, वरच्या नव्हे.

एकतीस वर्षं दीड पानात बसली. मला वाटलं होतं, वही लागेल.

पुलाखालच्या डोहाचं तेवढं राहिलं. दोनदा विचारलं. म्हणाले, ते नाही सांगत, तो डोह माझ्याकडे राहू दे.

ताई