कोल्बेनचा डोळा असलेला रंधा

मी, तूरिद शेल्ब्रेद, वय छप्पन्न, राहणार लेवांगर, नॉर्वे, हे मृत्युपत्र माझ्याच गॅरेजमध्ये, माझ्याच हातच्या सुतारकामाच्या बाकाशी बसून लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे, दडपण कुणाचं नाही. तब्येत ठणठणीत आहे. शेजारचा कोल्बेन हाउगान तिची रोज चौकशी करतो आणि उत्तर ऐकून खट्टू होतो, म्हणून मुद्दाम नोंदवते. याआधी मी मृत्युपत्र केलेलं नाही. नुसत्या धमक्या दिल्या आहेत.

१. घर, गाडी आणि बँकेतली शिल्लक माझा नवरा ओद्वार याला. गॅरेजची किल्लीही त्याचीच, मात्र ड्रिल मशीनला त्याने हात लावू नये. त्याने ठोकलेल्या एकुलत्या एका फळीवरून बरण्या आजही घसरतात. विचारलं तर म्हणतो, "अगं, फळी सरळच आहे. घर तिरकं आहे." त्याने वॉफल करावेत. ते त्याला जमतात.

२. बॅटरीवर चालणारी सगळी यंत्रं ओद्वारच्या भावंडांत वाटावीत. एकाची बॅटरी दुसऱ्याला बसत नाही. त्यांना सवय आहे.

३. पटाश्यांचा मोठा संच गल्लीच्या श्रमदानाला. स्वस्त मिळाला म्हणून तरुणपणी घेतला आणि त्यातल्या दोनच वापरल्या; बाकीच्या पेटीत शोभून दिसतात. नव्याने हत्यारं घेणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच, की एक चांगली पटाशी घ्या, तिच्याबरोबर धार लावायचा दगड घ्या आणि उरलेल्या पैशांचे, जोड आवळून धरायचे क्लॅम्प घ्या. कितीही घेतलेत, तरी लाकडाला गोंद लावून झाल्यावर एक कमी पडतोच.

४. आता रंधा. शाळेच्या बँडने भरवलेल्या जुन्या बाजारात तो मला गंजलेला मिळाला. अख्खा हिवाळा मी त्याचं पातं घासत बसले होते. आज तो लाकडावरून फिरला की साल इतकी पातळ निघते, की तिच्याआडून पेपर वाचता यावा. हा रंधा कोल्बेनला हवा आहे. माझी एक पटाशी त्याने रंगाचा डबा उघडायला वापरली होती. परत देताना म्हणाला, "काय गं तूरिद, तुझ्या हत्यारांना जरा धार नाही!"

वसंतातल्या श्रमदानात सगळी गल्ली कुंपण रंगवायला जमली होती. तिथे त्याने पुन्हा रंधा मागितला. माझ्या एका हातात कॉफी, दुसऱ्या हातात चीज घातलेला वॉफल, त्यामुळे मी बेसावध होते. "मी मेल्यावर ने," म्हणाले.

"ऐकलंत ना सगळ्यांनी?" कोल्बेन ओरडला.

सगळ्यांनी ऐकलं होतं. आमच्याकडे श्रमदानात दिलेला शब्द कोर्टातल्या शपथेहून जड. पुढच्याच आठवड्यात तो टेप घेऊन आला आणि माझ्यादेखत बाकाची लांबी मोजू लागला.

"हे काय रे?"

"काही नाही. रंध्यासोबत बाकही आलाच ना?"

मी शब्द फिरवला, तर टोमणे ओद्वारने खायचे. त्याला याच गल्लीत म्हातारं व्हायचंय. सबब, रंधा कोल्बेन हाउगान याला द्यावा. बाकसुद्धा. शब्द मी पाळला आहे, हे गल्लीत सगळ्यांना सांगावं.

५. यातली एखादी देणगी कायद्याने रद्द ठरली, तर ती वस्तू माझी भाची सिग्ने हिला जावी. सिग्ने करवत नेते आणि पुसून, तेल लावून परत आणते. एकदा तर नेली त्याहून धारदार आणली. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही.

६. आमच्या कायद्याला दोन साक्षीदार लागतात. मृत्युपत्रातून साक्षीदारालाच काही दिलेलं असेल, तर ती देणगी रद्द होते. अट मला फार आवडली. लगेच कोल्बेनकडे गेले.

"साक्षीदार होशील का रे?"

"त्यात काय विचारायचं! पण माझं नाव आहे ना आत?"

"स्वच्छ अक्षरात. घे, वाचून बघ."

"छे गं, वाचत नाही. मजा जाईल."

दुसरी साक्षीदार मॅग्नहिल, निवृत्त पोस्टमास्तरीण. कोल्बेनने नेलेली तिची शिडी अजून त्याच्याच छपरावर आहे.

ठिकाण: लेवांगर, माझं गॅरेज. दिनांक: ९ ऑक्टोबर २०२३.

(सही) तूरिद शेल्ब्रेद

आम्हा दोघांच्या समक्ष सही झाली.

साक्षीदार १: (सही) कोल्बेन हाउगान. न वाचता, आनंदाने.

साक्षीदार २: (सही) मॅग्नहिल ब्रेनो. वाचून, त्याहून आनंदाने.