सासूबाई, मी आणि युरोप

९ जून २०२५, सीब (ओमान)

किशोरीचा पाय मोडला! मत्रहच्या बाजारात, लोबानाची पिशवी सांभाळत पायरी उतरताना. प्लास्टर. म्हणजे आमची युरोपची ट्रिप खलास. मी मनातल्या मनात सोफ्यावर आडवा झालोच होतो – तर प्लास्टरमधून आवाज आला, "आई त्यासाठी पुण्याहून आलीये. व्हिसा झालेत. तू आणि आई जा."

मी आणि सासूबाई!! वीस वर्षांत आमचं एकूण संभाषण – "जेवलात?" "हो."

१० जून

ऑफिसात मजीदला, म्हणजे माझ्या मॅनेजरला, सांगितलं की बायकोऐवजी सासू येतेय. तो माझ्याकडे बघतच राहिला. "अलोन? विथ मदर-इन-लॉ?" मग खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "इन्शाल्ला, यू विल कम बॅक."

१२ जून, मस्कत विमानतळ

निघताना किशोरीने बाजूला घेऊन कामगिरी सोपवली. "आईला आता पुण्यात एकटीला ठेवायचं नाही. आपल्याकडेच राहायला ये म्हणून विचार. मी विचारलं की भांडण होतं."

मी मान डोलावली. मनात – देवा, 'नाही' म्हणू देत! सासूबाई म्हणजे शाळेतल्या निवृत्त पीटीच्या बाई. मी सोफ्यावर टेकलो तरी त्यांची नजर आधी माझ्या पाठीच्या कण्यावर जाते.

१३ जून, व्हिएन्ना

कॉफीबरोबर न मागता पाण्याचा पेला आला. सासूबाई एकदम खूश. "रीत आहे हो यांना! आधी पाणी विचारतात."

कामगिरी – उद्या.

१४ जून, व्हिएन्ना

हे कुणालाही सांगायचं नाही. किशोरीला तर नाहीच.

डॅन्यूबच्या बेटावर फिरायला गेलो. पाटी होती – एफकेके. मला वाटलं, केएफसीसारखं चिकनचं दुकान. सासूबाई म्हणाल्या, "मला आपले फ्रेंच फ्राइज." वळणापलीकडे गेलो – आणि सगळी माणसं नागडी! आजोबा, आज्या, पेपर वाचणारे, बॅडमिंटन खेळणारे! एकाच्याही अंगावर सूत नाही!

मी आकाशाकडे बघत "आई, चला, चला" म्हणत उलटा फिरलो, तो थेट एका झुडपात. काटे. सासूबाई मात्र शांतपणे बाकावर बसल्या. "अहो, एवढं काय? अंगाला ऊन लागू देताहेत बिचारे." पिशवीतून चिवडा काढला. "घ्या. आणि पाठ सरळ करा."

मी आयुष्यात पहिल्यांदाच इतक्या एकाग्रतेने चिवडा खाल्ला. कामगिरीची वेळ ही नव्हे.

१६ जून, ट्रेनमध्ये

व्हिएन्नाहून स्लोव्हेनियाकडे. बाहेर डोंगर, बोगदे, गाई. मध्येच सासूबाईंना हसू फुटलं. "तुमचं ते झुडूप!" डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसल्या. मीही. समोरची बाई घाबरून जागा बदलून गेली.

मग म्हणाल्या, "तुमचं स्थळ मला पसंत नव्हतं."

"का?"

"फोटोत फार हसत होतात. म्हटलं, हा माणूस काहीतरी लपवतोय."

लग्नानंतर माझं हसू कुठे गेलं, हे मी नाही सांगितलं.

१८ जून, बोहिन्य

खेडं. गवत वाळत घातलेल्या लाकडी मांडवांची रांग, शेवटी तळं. मी बूट काढेपर्यंत आई पंजाबी ड्रेससकट पाण्यात! "आई, अहो आई!" – किशोरीला काय तोंड दाखवू? आणि त्या माशासारख्या पार मधोमध. परत आल्या. "या."

"मला येत नाही पोहता."

"एकोणीस वर्षं समुद्राकाठी राहताय ना?"

गेलो. पाणी कसलं, नुसता वितळलेला बर्फ! माझ्या मानेखाली त्यांचा हात. "अंग सोडा, कृष्णकांतराव. शिक्षा केल्यासारखे ताठ काय झालात? मी धरलंय." वर ढग. कान पाण्यात, काही ऐकू येईना. मी अंग सोडलं.

बाबा गेले तेव्हापासून मला असं कुणी धरलं नव्हतं.

१९ जून

विचारलं. नाश्त्याला, ब्रेडवर मध लावता लावता. "आई, आमच्याकडेच राहायला या ना. आता कायमच्या." बोलताना लक्षात आलं – मला हवंय हे! परत परत विचारलं. किशोरीचं नावही घेतलं नाही. सीबचा समुद्र, सकाळचं पोहणं, काय काय आमिषं दाखवली.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. "घरी गेल्यावर सांगते."

२३ जून, सीब

आई नाही म्हणाल्या. शुक्रवारी पुण्याला निघताहेत. "तिथे माझं घर आहे, मैत्रिणी आहेत, रोजचा पोहण्याचा टँक आहे. मी एकटी राहते, किशोरी. एकटी नाहीये."

किशोरी माझ्यावरच उखडली. "तू मनापासून विचारलंच नसशील! तुला हेच हवं होतं!"

आई भेंडी चिरत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "त्याला काही बोलू नकोस. फार मनापासून विचारलं त्याने."

त्याने! कृष्णकांतरावांनी नाही – त्याने.

मी चष्मा पुसायला आत आलोय.