जो हाताला लागला

३ जुलै २०२५

हितेंद्रचा फोन. पाच वर्षांनी! आधी स्वतःची गुडघेदुखी, मग माझं ब्लडप्रेशर, आणि मग मुद्दा. काळाचौकीच्या त्यांच्या मंडळाला यंदा पंच्याहत्तर वर्षं होतायत, स्मरणिका निघणार, त्यात ‘आपला दर्यावीर’ म्हणून माझ्या बापावर, म्हणजे त्याच्या काकावर, दोन पानं. १९४५च्या जानेवारीत ब्रह्मदेशात, आराकानच्या किनाऱ्यावर जपान्यांवर जी चढाई झाली तिच्यात तो होता म्हणे. मी एकुलती वारस, म्हणून माझी संमती हवी.

दर्यावीर! पूर्वी रिसीव्हर आपटता तरी यायचा. आता नुसतं बोट दाबायचं.

४ जुलै

सकाळपासून दोनदा चहा उतू गेला. लिहूनच काढते.

१९६९. दादर चौपाटी, गौरी-गणपतीचं विसर्जन. माझा भाऊ सुशांत अठरा वर्षांचा. गणपतीचा पाट घेऊन पाण्यात गेला तो गेलाच. रामू परब, म्हणजे नेव्हीत तीन वर्षं काढलेला, मालवणच्या खाडीत पोहायला शिकलेला माझा बाप, तिथेच होता! मी घरी, तापाने फणफणलेली. पाच वर्षांची. आई मरेपर्यंत एकच वाक्य बोलली— “त्यांनी माझ्या पोराला आणलं नाही.” त्यापुढे एक शब्द नाही. महिन्याभरात ती मला घेऊन गिरगावात मामाकडे आली, ती कायमची.

काठावर उभा राहिला असणार. दुसरं काय!

दर वर्षी माझ्या वाढदिवसाला तो मामाच्या चाळीखाली यायचा. इस्त्रीचा सदरा, हातात कागदात बांधलेला खाजा. आई वर येऊ द्यायची नाही. मी सोळाची झाले त्या वर्षी तो जिना चढून आलाच. दार मी लावलं. तोंडावर. चांगलं केलं.

६ जुलै, रविवार

काळाचौकीला जाऊन आले. हितेंद्र आता त्र्याहत्तरचा, पण आवाज अजून मंडपातला. भिंतीवर माझ्या बापाचा फोटो, नेव्हीच्या टोपीतला. ताज्या झेंडूचा हार. रोज घालतो म्हणे! शेवटची सहा वर्षं यानेच केलं त्याचं, अगदी आंघोळ घालण्यापर्यंत. चुलत्यासाठी एवढं कोण करतं? खोली मिळाली ना नावावर.

मी स्पष्ट सांगितलं. “तुझा दर्यावीर किनाऱ्याला लागलाच नसेल. कुठेतरी भांडी घासत बसला असेल. मी पुरावा आणते, मग छापा काय छापायचं ते.”

वाटलं, भांडेल. तर नुसता म्हणाला, “शोध गो. तुका गावला तर बराच.” आणि माझ्या बापाची जुनी ट्रंक पुढे सरकवली.

वैशालीवहिनीने घावणे केले होते. खाल्ले नाहीत. आता भूक लागलीय.

७ जुलै

ट्रंकेत काय— एक दाढीचा ब्रश, सुशांतचं अकरावीचं प्रगतिपुस्तक (ते याच्याकडे कशाला?) आणि नेव्हीचं सर्व्हिस बुक. ‘परब, रामू सखाराम. सीमन.’ म्हणजे साधा खलाशी. पुढे बोटीचा नंबर.

अनुजाला पाठवला. शाळेतली माझी विद्यार्थिनी, लंडनला युद्धाच्या कागदांवरच काहीतरी शिकते. तिथे सगळं जपून ठेवलेलं असतं म्हणे. आपल्याकडे प्रगतिपुस्तकं ठेवतात.

२० जुलै

अनुजाचं उत्तर नाही.

२ ऑगस्ट

आलं. होता तो. आराकानच्या किनाऱ्यावरच होता!

फौजेला थेट किनाऱ्यावर उतरवणाऱ्या सपाट बुडाच्या बोटी असत. पुढचं अख्खं तोंड म्हणजे एक दार. ते पाडायचं आणि त्यावरून सैनिक धावत सुटायचे. ते दार पाडायचं काम रामू परबचं. समोरून गोळ्या येत असताना सगळ्यांत पुढे तो.

झाली फजिती माझी. हितेंद्रला कळवलेलं नाही. त्याला पेढे वाटायची संधी देणार नाही.

९ ऑगस्ट

अनुजाने आणखी दोन पानं पाठवली. चौकशीतली त्याची जबानी. दुपारपासून चार वेळा वाचली.

किनारा समजून बोट गाळाच्या उंचवट्यावर चढली. हुकूम झाला, याने दार पाडलं. पुढे गळ्याएवढं पाणी. पाठीवर ओझी घेतलेले सैनिक एकामागून एक बुडायला लागले. सक्त हुकूम होता की पाण्यातल्या माणसासाठी थांबायचं नाही, मागे फिरायचं आणि पुढची तुकडी आणायची. याने हुकूम मोडला. उडी मारली. सात जणांना ओढून आणलं. थोडं पुढे त्यांचा गोरा कॅप्टन होता, तो गेला. म्हणून चौकशी. साहेब विचारतो, कॅप्टनला आधी का नाही काढलंस?

त्याचं उत्तर इंग्रजीत टाइप केलेलं आहे. मी मराठीत उतरवते— “जो हाताला लागला तो आधी. पाण्यात माणूस निवडत बसलं की दोघंही जातात.”

सही देवनागरीत. ‘रामू’मधला मू मोठा.

तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. सात परक्यांसाठी हुकूम मोडतोस, गोळ्यांत उडी घेतोस, आणि पोटच्या पोरासाठी दादरच्या पाण्यात उतरत नाहीस? भित्रा असतास तर एक वेळ समजून घेतलं असतं! भित्र्या माणसाला माफ करता येतं. तू तर भित्रा नव्हतास. मग माझ्या आईचं आयुष्य कशापायी नासवलंस?

उद्या जाते. तो हार खाली उतरवायला लावते.

१० ऑगस्ट, रविवार

कागद हितेंद्रपुढे टाकले. वैशालीवहिनीसमोर वाट्टेल ते बोलले. त्याने त्या उत्तराच्या ओळीवर बोट ठेवलं. मग चष्मा काढला.

“पाटाचा दुसरा टोक माझ्या हातात होता गो. मी जवळ होतंय. सुशांत धा हात पुढे. काकांनी माका वाळूत टाकल्यानी नि परत गेले. तीनदा गेले. काकूक सगळा ठावक होता. तुका मी सांगूचा नाय, अशी काकांनी शपथ घातलली. पोरगी आयशीपासून तुटात, म्हणाले.”

हार तसाच आहे. मंडळाला सांगितलं, मजकूर मीच लिहीन.

संध्याकाळी लिहायला बसले. ‘माझे बाबा’ एवढंच झालंय. दार मी लावलं होतं.