लोक तुम्हाला कटकट्या म्हणत

बाबा,

तुम्हाला जाऊन तीस वर्षं होत आली आणि मी लिहायला शिकले आत्ता, नातीच्या पाटीवर. ती अकोल्याच्या मुलींच्या शाळेत जाते. माझा काना वाकडा आला की तोंड वाकडं करते, अगदी तुमच्यासारखं. तिची आई म्हणते, "लई चोखंदळ झाली व माय तू!" आणि कौतुकानं हसते. तुमच्या वाट्याला असला गोड शब्द कधी आला नाही. आई तुम्हाला तिरसट म्हणायची, तेही तुम्ही अंगणात गेल्यावर. बार्शीटाकळीची आजी म्हणायची, "या जावयाले देवाच्या परसादातही खडा सापडते." बाजारात गाडीवान सरळ कटकट्या म्हणत. शेजारचे पिंजारी चाचा तेवढे नुक्ताचीन म्हणायचे. त्याचा अर्थही खोड काढणारा असाच, पण ऐकायला इतका भारी की तुम्ही तो मान समजून मिशीवर हात फिरवायचात.

अमरावतीच्या बाजारात तुम्ही एका शेठजींसाठी कापूस पारखायचात. गाडी आली की कोपरापर्यंत हात आत घालून तळचा कापूस वर काढायचात, कारण वर पांढरा आणि खाली डागी, किडका कापूस भरायची लोकांची रीतच होती. चिमटीत धागा ओढायचा, उन्हाकडे धरायचा आणि मान हलवायची. "हे नाही चालत." समोरचा हात जोडो की शिव्या देवो, तुमचं उत्तर बदलत नसे. घरीही तेच. भाकर ताटात पडली की आधी उलटून पाहणार. "कड कच्ची रायली." वरणात मीठ कमी, ठेच्यात लसूण जास्त, पाण्याला माठाचा वास. आई गेल्यावर हे सगळं माझ्या एकटीवर आलं. माझे घरधनी वर्षातले आठ महिने कापसाच्या गाड्यांबरोबर वाटेवर, म्हणून मी तुमच्याकडेच राहायचे. एकोणीस वर्षांची होते. तुम्ही जेवायला बसलात की मी तव्यापेक्षा तुमच्या तोंडाकडेच जास्त पाहायचे, खरंच सांगते.

मग दूर परदेशात कुठं तरी लढाई लागली आणि आपल्या कापसाला सोन्याचा भाव आला. लोकांनी बैलांच्या शिंगांना चांदी चढवली. कोणी ओला कापूस आणतो, कोणी मध्ये माती भरतो, कोणी सरकी मिसळतो, आणि सगळं उभ्या उभ्या विकलं जातं. तुम्ही मात्र रोज पाच-सहा गाड्या परत लावताय. अशातच एका दुपारी तुम्ही माझी तिसरी भाकर बाजूला सारलीत, तेव्हा मी म्हटलं,

"बाबा, शेठजीचा मानूस आला होता. मने, म्हाताऱ्याले सांग, खोड काढनं बंद कर, नाही तं दुसरा पारखी पाहू."

तुमचा हात थांबला. "असं मने?"

"असंच मने. साऱ्याईले चालते, तं तुमाले काहून नाही चालत?"

तुम्ही ती बाजूला सारलेली भाकर ओढून घेतलीत आणि पूर्ण खाल्लीत.

दुसऱ्या दिवसापासून बाजारात तुम्ही "चालते" म्हणू लागलात. गाडीवानांनी तोंडात बोटं घातली. घरीही जे वाढेन त्याला "बरं हाये". महिनाभर मी हवेत होते. शेजारणींना बोलावून सांगितलं, आमचे बाबा सुधारले म्हणून. पुढं पुढं मात्र मला कसंसंच व्हायला लागलं. धोतर मळकं असलं तरी तुम्ही तेच नेसत होतात. पायतण तुटलं, तर तसंच ओढत चालत होतात. ऊन कुठून येतंय हेसुद्धा पाहायचं तुम्ही सोडलंत.

दिवाळीनंतर शेठजींचे मुनीम घरी आले. ओसरीवरच बसले, पाणीही नको म्हणाले.

"मुंबईहून माल वापस आला, बुवा. शेठ मने, या मानसाले आपन त्याच्या कटकटीसाठीच तं ठेवलं होतं. आता हाच साऱ्याले हो मनून राहिला, तं कायले पाह्यजे?"

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. मी दाराआड उभी होते, पदर तोंडात धरून. मग तुम्ही मुनीमांना म्हणालात, "बराबर हाये त्याइचं."

ते गेल्यावर मी तुमच्या पायाशी बसले. म्हटलं, पहिल्यासारखं करा, दुसरीकडे काम मिळंल, आता भाव आहे.

"आता नाही जमत, माय," तुम्ही म्हणालात. "एकदा चालते मनलं, का मंग सारंच चालते."

मी काय काय केलं, बाबा. मुद्दाम भाकर करपवली. "बरी हाये." वरणात मीठच घातलं नाही. "बरं हाये." ठेचा इतका तिखट केला की तुमच्या डोळ्यांतून पाणी आलं, आणि तुम्ही तो पुन्हा मागून घेतलात. एक दिवस मी ताटच आपटलं आणि ओरडले, "शिव्या तरी द्या मले!" तुम्ही दचकून म्हणालात, "कायले? चांगलं तं केलं." शेवटच्या दुखण्यात तुम्ही अंथरुणावर होतात, तेव्हा पेजेत मूठभर मीठ घातलं. देवा, दुखणाईत माणसाच्या पेजेत! वाटलं, आता तरी तोंड वाकडं कराल. तुम्ही ती सगळी प्यालात आणि वाटी माझ्या हातात परत दिलीत. आत जाऊन मी बोट लावून चाखली तर मला गिळवेना. तिसऱ्या दिवशी तुम्ही गेलात.

हे पत्र पाठवणार कुठं? आणि तुम्हाला तरी कुठं वाचता येत होतं. म्हणूनच लिहायचं धाडस झालं. बाबा, त्या दुपारी शेठजींचा कोणी माणूस आला नव्हता. ते मी चुलीपुढं बसल्या बसल्या रचलं. तुमचं काम जाईल याची मला काळजीही नव्हती. मला फक्त एकदा, माझ्या हातची भाकर तुम्ही मुकाट्यानं खाल्लेली पाहायची होती.