धुतलेली प्रत

डेव्हेंटर, ३ नोव्हेंबर १९८६

ती. हिलेताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. उत्तर राहिलं याचं खापर गुडघ्यावर फोडणार होतो, पण गुडघा होता तसाच कुरकुरतो आहे. कारण वेगळं आहे आणि ते तुझ्याखेरीज कुणाला सांगण्यासारखं नाही.

माझी सूची संपत आली होती. आपल्या गावात छापलेली तीनशे बारा जुनी पुस्तकं मी जुन्या पुस्तकांचं दुकान चालवता चालवता स्वतःसाठी जमवली. आता एकेकाचं वर्णन लिहायचं, सगळी नगर-ग्रंथालयाला द्यायची आणि खुशाल डोळे मिटायचे, असा बेत होता. अशात उट्रेख्तहून रेन्स्के नावाची एक संशोधक बाई आली. स्टेशनपासून सायकलवर आली होती, केसांतून पाणी गळत होतं. तिला १६३१ सालचं ते औषधी झाडपाल्याचं छोटं पुस्तक पाहायचं होतं. मी ऐटीत काढून दिलं. तिनं पानं उलटली, पुन्हा उलटली आणि विचारलं की लिखाण कुठं आहे.

तिच्याकडून कळलं ते असं. १६३६च्या प्लेगात इथल्या एका सुईणीनं या प्रतीच्या समासात मुलांची नावं लिहून ठेवली होती. बाप्तिस्म्याआधीच गेलेली मुलं. चर्चच्या वहीत त्यांना जागा नसते. पन्नासाहून जास्त नावं आहेत असं एका पाद्र्यानं १९११ साली गावच्या वार्षिकात लिहिलंय, पण गाढवानं एकही उतरवून घेतलं नाही. प्रत हीच. त्यानं वर्णन केलेला आतला शिक्कासुद्धा जुळतो.

ताई, ते लिखाण मी धुऊन टाकलं. १९५८च्या उन्हाळ्यात, मागच्या अंगणात. तेव्हा गिऱ्हाइकाला कोरी करकरीत प्रत लागायची, जुन्या मालकाचं अक्षर म्हणजे डाग. सगळेच धूत असत. बाबांनी शिकवलं आणि मी हौसेनं शिकलो. ब्लीचिंगच्या पाण्यात पानं सोडली, सरसाचा हात दिला, दाबात ठेवली आणि कार्डावर लिहिलं, ‘विलक्षण स्वच्छ प्रत’. रेन्स्केनं अतिनील दिवा धरून पान न् पान पाहिलं. काही उरलेलं नाही. माझं काम चोख असतं.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. कोट चढवताना एवढंच म्हणाली की त्या मुलांची नावं जगात तेवढ्या एकाच ठिकाणी होती. तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. चाळीस वर्षं पुस्तकं वाचवतो अशा तोऱ्यात वावरलो.

त्या उन्हाळ्यात तू इथं होतीस. तुझ्या भरतकामाच्या कात्रीनं तूच शिलाई उसवलीस. हाती येईल ते वाचायची तुला खोड, कॉफीच्या पुड्याही सोडत नाहीस. एखादं नाव आठवतं का? एक सापडलं तरी मी ते नोंदीत घालीन.

लोभ मागायची लायकी उरलेली नाही, तरी मागतो.

तुझा वेसेल


हार्लेम, ९ नोव्हेंबर १९८६

चि. वेसेल यास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी वाटलं की घराला आगच लावलीस. दोन वेळा जेवत जा. बाबांनी शेकड्यानं पुस्तकं धुतली आणि शांतपणे झोपले. सगळ्या धंद्याचं पाप तू एकट्यानं डोक्यावर घ्यायला तुला कुणी नेमलंय? लहानपणीही शेजाऱ्यांचं मांजर मेलं तेव्हा तूच सुतकात बसला होतास.

आता ऐक. सकाळची गोळी घेतली का ते मला दुपारी आठवत नाही, पण ते अंगण लख्ख आठवतं. उसवताना मी वाचत होते. अक्षर वाकडंतिकडं होतं, बरंचसं लागलं नाही. एक मात्र लागलं. ‘यान विणकराची बायको बाळंत झाली. मुलगी. तासभर होती. नाव नेल्ट्ये. नंतर आईला उकडलेले बटाटे दिले, तिनं पोटभर खाल्ले.’ एवढंच. घाल तुझ्या नोंदीत, त्या बाईला कळव आणि नीट झोप.

मोजे पाठवते आहे, पायांत घाल, खणात नको.

तुझी ताई


डेव्हेंटर, २१ नोव्हेंबर १९८६

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्या दिवशी मी रडलो, हे सांगायला लाजत नाही. लगेच रेन्स्केला फोन केला, तीही गहिवरली. कार्ड नव्यानं लिहिलं. चार दिवस मी माणसांत होतो.

पाचव्या दिवशी जेवणासाठी बटाटे सोलत होतो. सोलता सोलता सुरी खाली ठेवली. १६३६ साली या गावात विणकराच्या घरी बटाटा कुठला, ताई? कुणी पाहिलाही नसेल. मी काही फार हुशार नाही, पण पुस्तकांच्या तारखा तपासण्यात जन्म गेला. हे मला पहिल्या वाचनातच दिसायला हवं होतं.

मग ती मुलगी कोण, हा विचार करत बसलो. पंचेचाळीसच्या जानेवारीत, युद्धातल्या उपासमारीच्या त्या हिवाळ्यात, तुला मुलगी झाली होती. तुम्ही तेव्हा बटाटा मिळेना म्हणून ट्यूलिपचे कंद उकडून खात होता. आई मला एवढंच म्हणाली होती की मूल गेलं, ताईपाशी विषय काढू नकोस. मी काढला नाही. तिला नाव होतं हे मला माहीत नव्हतं.

रेन्स्केला पुन्हा फोन केला आणि चूक झाल्याचं सांगितलं. तुझ्या मुलीला त्या नोंदीत ठेवता येत नाही, ताई. मला क्षमा कर. अंतिम नोंद अशी: ‘क्र. ८७. समास सर्वत्र कोरे. पूर्वी सुईणीच्या हातच्या नोंदी होत्या. त्या १९५८ साली प्रस्तुत सूचीकारानं धुऊन काढल्या. नावं अज्ञात.’ ग्रंथपाल म्हणाले की शेवटची दोन वाक्यं गाळली तरी चालेल, पुस्तकं सुपूर्त करण्याच्या समारंभात बरं दिसत नाही. मी म्हटलं, मग समारंभ गाळा. त्यांनी खरोखरच गाळला.

मला आता काही नको. फक्त रागावू नकोस.

वेसेल


हार्लेम, २५ नोव्हेंबर १९८६

चि. वेसेल यास अनेक आशीर्वाद.

मी कशाला रागावू? खोटं मी बोलले. तुला बरं वाटावं म्हणून एखादं नाव रचायला बसले आणि लेखणीतून तेच उतरलं. अंगणात मी एक अक्षरही वाचलं नव्हतं. पानं सोडवत मी नुसत्या गप्पा मारत होते. वाचायला हवी होती.

नोंदीतून तिला काढलंस ते योग्यच केलंस. तिथं ती त्या बायकांच्या मुलांच्या जागी बसली असती.

जन्म-मृत्यूच्या कचेरीत तिची नोंद नाही. थडग्यावर पाटी नाही, कारण लाकूड चुलीत गेलं. तिचं नाव मी तिच्या बापालाही सांगितलं नव्हतं. तो खंगला होता, त्याला आणखी काय सांगायचं? एकेचाळीस वर्षांत ते कागदावर लिहिलं ते तुझ्या त्या पत्रात, पहिल्यांदाच. मी शहात्तर वर्षांची, तू एकाहत्तरचा, आणि तुझ्या माझ्यामागे कुणी नाही. ते पत्र कुठं ठेवायचं ते तूच ठरव. मला काही सुचत नाही.

आहे तेवढा लोभ पुरवून वापर.

तुझी ताई