चौथ्या फेरीचा गहू

तीर्थस्वरूप वहिनींस,

नमस्कार. इथे आई आणि मी ठीक आहोत. आईचे गुडघे पूर्वीइतकेच दुखतात, म्हणजे काळजीचं कारण नाही. तुम्ही लेकीकडे निवांत राहा, परतायची घाई करू नका.

लिहायचं कारण गहू. जमीन तापलेली असताना, वाढीच्या संजीवकात भिजवलेला गहू साध्या पाण्यातल्यापेक्षा जास्त उगवतो का, हे दादा तपासत होता. तीन फेऱ्या झाल्या, चौथी राहिली आणि तो गेला. चौथीशिवाय तीनही वाया, असं त्याचे साहेब म्हणाले. म्हटलं, वही आहे, पुडीत दोनशे दाणे आहेत, आपण करू. (मी जन्मभर विम्याच्या फायली लावल्या, पण गहू भिजवायला काय लागतं?)

भिजवणं जमलं. शंभर दाणे संजीवकात, शंभर पाण्यात, बारा तास. मग वहीत लिहिल्याप्रमाणे दोन ताटांत सावलीला वाळत घातले आणि चिठ्ठ्या लिहायला पेन आणायला आत गेलो. पेन सापडायला वेळ लागला, कारण ते खिशात होतं. बाहेर येतो तर आई चष्मा लावून गहू निवडत बसलेली. दोन्ही ताटांतला एका ताटात घेतलेला. "एकाच घरचा गहू, दोन ताटं कशाला अडवायची?" वर बारीक दाणे काढून चिमण्यांना टाकलेले. मी उरलेले दाणे मोजायला बसलो. तर म्हणाली, "तोंड का पाडलंस? एक खडा निघाला नाही." (ते खरं आहे. दादाचाच गहू तो.)

उरलेले एकशे ब्याऐंशी दाणे ओल्या कागदात गुंडाळून, दादाने तापवण्यासाठी दिवे बसवलेल्या त्या जुन्या कपाटात ठेवले. आठव्या दिवशी एकशे एकतीस उगवले. त्यातले संजीवकाचे कुठले, पाण्याचे कुठले, ते त्यांनाच ठाऊक. आईच्या मते सगळं श्रेय निवडण्याला.

लेकीला आणि जावईबापूंना आशीर्वाद.

आपला दीर

ता. क. साहेबांनी त्याच वाणाचे आणखी दोनशे दाणे दिलेत. या वेळी चिठ्ठ्या आधी लावल्यात.

ता. क. वही परत नीट पाहिली. तिन्ही फेऱ्यांची मोजणी तुमच्या अक्षरात आहे. मोजणारं माणूस फेरीगणिक बदलू नये, असं दादाने पहिल्याच पानावर लिहिलंय. तेव्हा वर घाई करू नका म्हटलं, ते खोडलं समजा. तुम्ही आल्यावरच भिजवतो.

ता. क. पत्र आईला वाचून दाखवलं. म्हणाली, "गव्हाचं कशाला सांगतोस? घर खायला उठतंय, ये म्हण." तसं मला लिहिता येत नाही, म्हणून गहू.